क्रॉस स्लाइडवर फिक्स्चर प्लेट: कंपाउंडच्या बैठकीवर की भोकं पाडून?

ज्याच्याकडे मिलिंग नाही, होरिझाँटल बोरिंग तर नाहीच, आणि जानेवारी उजाडला की ज्याच्या दारात रसवंतीच्या चरकांच्या फ्रेमा येऊन पडतात, त्याला आज ना उद्या लेथची क्रॉस स्लाइड, म्हणजे टूल आडवं आत-बाहेर नेणारी स्लाइड, टेबलासारखी वापरावी लागते. जॉब क्रॉस स्लाइडवर बांधायचा, बोरिंग बार (भोक मोठं करणारं टूल बसवलेला दांडा) हेडस्टॉकचा चक आणि समोरच्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉकच्या सेंटरमध्ये फिरवायचा, फीड कॅरेजची, म्हणजे क्रॉस स्लाइडला घेऊन बेडवर लांबीत सरकणाऱ्या भागाची. उघड्या क्रॉस स्लाइडवर क्लॅम्प लावायला जागा नसते, म्हणून वर एक जाड प्लेट आणि तिच्यात आटे पाडलेल्या भोकांची जाळी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. मतं फुटतात ती प्लेट खाली धरायची कशी यावर.

मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय. पहिली सव्वा वर्ष वापरली, दुसरी गेली तीन वर्षं चालू आहे. लेथ सहा फुटी, बटाल्याच्या बनावटीचं, माझ्या आधी दोन मालक बघितलेलं. शेड कोल्हापुरात. तुमचं मशीन वेगळं असेल, कामं वेगळी असतील, तेव्हा माझ्या अनुभवाला तेवढी सूट देऊन वाचा.

पहिल्या पद्धतीत कंपाउंड, म्हणजे क्रॉस स्लाइडवरची टूल धरणारी, अंशांत फिरवता येणारी छोटी स्लाइड, उतरवायचं आणि त्याच्याच गोल बैठकीवर प्लेट बसवायची. मध्यभागी गोल खाच, भोवती गोल टी-स्लॉट (उलट्या टी-आकाराची खाच) आणि त्यात फिरणारे दोन टी-बोल्ट, अशी रचना आपल्याकडच्या बऱ्याच लेथवर असते. प्लेटच्या पोटाला त्या खाचेत बसेल असा गोल बॉस लावायचा, टी-बोल्टांच्या नटांसाठी वरून दोन खड्डे करायचे, झालं. लेथला ओरखडाही उठत नाही.

दुसऱ्या पद्धतीत क्रॉस स्लाइडच्या पाठीतच भोकं पाडून आटे काढायचे, प्लेट चार एलन बोल्टांनी आवळायची आणि जागा पक्की राहावी म्हणून दोन डॉवेल पिना घालायच्या.

तिसराही एक रस्ता आहे, टी-स्लॉटवाली नवीन क्रॉस स्लाइडच करून घेणं. इंग्लंडच्या मायफोर्ड लेथांना क्रॉस स्लाइडवरच टी-स्लॉट यायचे, त्यामुळे तिथल्या हौशी मंडळींनी त्या छोट्या लेथवर केवढाली बोरिंगची कामं केली. आमच्याकडे पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करून बिडाचं ओतकाम मिळवणं अवघड नाही, गावात फाउंड्र्या पुष्कळ. पण मग डोव्हटेल (स्लाइड ज्यांच्यावर सरकते त्या तिरक्या कडा) शेपरवर मारा, स्क्रेपिंग करा, स्क्रूचा नट जुळवा. आणि एवढं करून टी-नट जोरात आवळला की स्लॉटचा बिडाचा ओठ तुटायची धास्ती आहेच. ज्याला वर्षभर हेच काम करायचंय त्याने जरूर करावं. मी त्या वाटेला गेलो नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

भोक पाडायची भीती

मी आधी गोल बैठक निवडली ती हिशेब करून निवडली असं म्हणता येणार नाही. हात धजावला नाही, इतकंच. खंडेनवमीला ज्या मशीनला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, त्याच्याच पाठीत ड्रिल घालायचं? आमच्या शेडमध्ये एक अण्णा येऊन बसायचे, ऑइल इंजिनच्या जमान्यातले टर्नर. त्यांना नुसतं विचारलं तर म्हणाले, "खुळा काय रं तू? आज क्रॉस स्लाइडला भोकं पाडशील, उद्या बेडला पाडशील. देवाच्या मूर्तीला कोण खिळा मारतंय व्हय?"

व्यवहाराची बाजूही होतीच. जुन्या मशीनचा दलाल आला की आधी बेडवरून बोट फिरवतो, मग क्रॉस स्लाइड बघतो. नको तिथे भोक दिसलं की नाक मुरडायचं आणि भाव पाडायचा हे त्याचं ठरलेलं. भोक पाडलं की ते परत घेता येत नाही, आणि गोल बैठकीवरची प्लेट नाही आवडली तर दोन नट सोडले की लेथ होतं तसं.

गोल बैठकीचं कौतुक आधीच करून घेतो, कारण पुढे मी तिच्याबद्दल वाकडंच बोलणार आहे. प्लेट करायला मला दीड दिवस लागला. पहिल्याच दिवशी तिच्यावर बेअरिंगचं हाउसिंग बोअर करून दिलं आणि ते व्यवस्थित झालं. शिवाय प्लेट फिरते हा एरवीचा तिचा दोष कधीकधी गुण ठरतो. एखाद्या जॉबची बाजू वीस अंशांत मारायची असेल, चकमध्ये एंड मिल धरून तिरकी खाच काढायची असेल, तर नट सैल करून प्लेट फिरवली की काम भागतं. भोकांवर बसवलेल्या प्लेटला हे जमत नाही. तिथे जॉबच तिरका बांधावा लागतो.

आणि जो जॉब एकदा लावून आठवडाभर तोच चालणार, त्याच्यासाठी दोन्ही पद्धती सारख्याच. सेटिंग एकदाच करायचं असेल तर ते वीस मिनिटांचं असो की दोन मिनिटांचं, कोण मोजतंय?

डायल

माझं काम तसं नाही. चरकाची एक जोडी येते, ती बोअर करायची. तोवर कुणीतरी शाफ्ट घेऊन दारात उभा असतो, की प्लेट उतरवा, कंपाउंड चढवा, शाफ्ट टर्न करा. तो गेला की दुसरी जोडी. सीझनमध्ये दिवसातून तीन-चार वेळा प्लेट चढते आणि उतरते. आणि गोल बैठकीला दिशा नसते. प्लेट तिच्यावर कुठल्याही अंशात बसते, आणि आपल्याला हवा असतो एकच.

कंपाउंडखालच्या अंशांच्या रेघा इथे कामाच्या नाहीत. एक अंश चुकला तर ३०० मिमी लांबीत पाच मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि आपण शोधतोय दोन शतांश. चरकाच्या फ्रेमची उभी बाजू क्रॉस स्लाइडच्या चालीला समांतर नसेल तर बोअर फ्रेमच्या गुण्यात (काटकोनात) येत नाही. दोन्ही फ्रेमा समोरासमोर उभ्या केल्या की बेअरिंगं एकमेकांकडे तिरकी बघतात आणि रोलर हाताने फिरत नाही.

म्हणून डायल, बारीक फरक काट्याने दाखवणारं माप, ज्याची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा एक शतांश. मॅग्नेटिक स्टँड हेडस्टॉकला चिकटवायचा, डायलचं टोक प्लेटच्या हेडस्टॉककडच्या कडेला टेकवायचं आणि क्रॉस स्लाइड हळूहळू बाहेर ओढायची. काटा बारा रेघा सरकला. तांब्याच्या हातोडीने प्लेटच्या कोपऱ्यावर एक टिचकी. परत आत, परत बाहेर, पाच रेघा. अजून एक टिचकी, आता उलट्या बाजूला तीन. आणखी एक, अगदी बोटाने मारल्यासारखी, आणि काटा शून्यावर गप्प. मग पाना घेऊन नट आवळायला लागायचं, आणि आवळता आवळता काटा आपल्या डोळ्यांदेखत चार रेघा चालत जातो. पाना ज्या अंगाला फिरतो त्या अंगाला प्लेटही ओढली जाते. नट सैल करा, टिचकी मारा, परत आवळा.

यावर मी सगळ्या युक्त्या करून बघितल्या. नटांखाली जाड, घासून सपाट केलेले वॉशर घातले, त्यांना ग्रीस लावलं. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. शेवटी मुद्दाम चार रेघा उलट्या बाजूला चुकवून ठेवायच्या, म्हणजे आवळल्यावर शून्यावर येतं, हे शिकलो. ही युक्ती दहातून सात वेळा लागू पडायची. उरलेल्या तीन वेळा माझं तोंड बिघडायचं.

एका सेटिंगला वीस मिनिटं म्हणा. घड्याळ लावून मोजलेली नाहीत, पण प्लेट चढवताना सांगितलेला चहा येऊन त्यावर साय धरायची, तरी डायल चालूच असायचं. प्लेट, वजन, क्लॅम्प या कशाचा मला त्रास नव्हता. एका काट्याने मला कंटाळा आणला.

कुणी म्हणेल, प्लेटच्या पोटाला एक ओठ काढ, तो क्रॉस स्लाइडच्या बाजूला टेकव, झालं काम. मीही तेच म्हटलं होतं. पण माझ्या क्रॉस स्लाइडची बाजू नुसती ओतीव आणि रंगवलेली, मशीन केलेली नाही. रंग खरवडून, कानस मारून दोन जागा जरा सपाट केल्या आणि ओठाला दोन बटणं लावली. तीन-चार रेघांच्या आत यायला लागलं, नाही असं नाही. पण बटणाखाली बिडाचा चिमूटभर काळा भुगा अडकला की परत सगळं वाकडं. तो अडकायचाच, कारण दोन नटांच्या खड्ड्यांत साठलेला भुगा प्लेट उचलताना नेमका तिथेच सांडायचा. ज्याच्या क्रॉस स्लाइडची बाजू मशीन केलेली आहे त्याला हा उपाय कदाचित पुरेसा पडेल. तसं असेल तर पुढचं वाचायच्या आधी तो करून बघावा.

माझा निर्णय मात्र एका फ्रेमने केला. ओतीव जॉबची वरची कातडी कडक होती. बार ३२ मिमीचा, बोअर ६२ करायचा होता, ६२०६ बेअरिंगसाठी. टूल त्या कातडीवर थडथड करत होतं आणि मी शहाण्यासारखा फीड न कमी करता उभा होतो. बोअर झाला, माप आलं, फ्रेम सोडली. सहज म्हणून कडेला डायल लावून बघितलं तर प्लेट नऊ रेघा फिरलेली. दोन बोल्टांनी एवढ्या काटाला धरायला हवं होतं, कागदावर तरी. पण टी-स्लॉटच्या ओठाची काळजी म्हणून मी नट कधीच पूर्ण जोर लावून आवळत नव्हतो, आणि प्लेट बैठकीला धरून होती ती केवळ घर्षणावर. थोडं तेल त्यात गेलेलं. बोअर बैठकीच्या केंद्रापासून ऐंशी-नव्वद मिलिमीटर लांब असला की प्रत्येक ठोका प्लेटला फिरवायलाच बघतो.

फ्रेम मी स्वतःच्या खर्चाने बुश मारून (आत कडं बसवून) परत बोअर करून दिली. गिऱ्हाईक काही बोललं नाही. ते त्याहून वाईट.

पिना आणि कड

डॉवेलचा खरा फायदा मला आधी नीट कळला नव्हता. मला वाटत होतं, पिना घातल्या की प्लेट जागेवर येईल आणि डायलचा त्रास कमी होईल. पण त्याच्या पुढची गोष्ट अशी, की प्लेट दर वेळी तिथेच येत असेल, तर तिची कड लेथवरच मारून घेता येते.

चकमध्ये फ्लाय कटर (एकच टूल गोल फिरवणारा कटर) धरला, टूल ११५ मिमी त्रिज्येवर. प्लेट हेडस्टॉकच्या बाजूला क्रॉस स्लाइडच्या बाहेर वीसेक मिलिमीटर काढलेली होती, त्यामुळे कटरला खाली फिरायला जागा होती. चाल कमी, काट एक दशांशाचा, क्रॉस स्लाइडची फीड हाताने. शेवटचा काट तर इतका हलका की नुसता आवाज यावा. अशी मारलेली कड क्रॉस स्लाइडच्या स्वतःच्या चालीला समांतर असते. डायल लावून बघितलं तर काटा जागचा हलला नाही. कशाला हलेल? तीच स्लाइड, तोच स्पिंडल.

आता जॉब लावायचा म्हणजे त्या कडेला टेकवून पट्टी बांधायची आणि पट्टीला फ्रेम टेकवायची. गोल बैठकीवर ही कड मारता येत नाही असं नाही, मारली होती मी. पण प्लेट एकदा उतरवली की ती कड गेली. पुढच्या वेळी परत मारायची तर प्लेट दरवेळी बारीक होत जाणार.

या धर्तीच्या बोरिंगमध्ये आणखी एक सोय आहे, तिची आठवण इथेच करून देतो. बार सेंटरमध्ये फिरतोय आणि जॉब कॅरेजवर सरकतोय, त्यामुळे टेलस्टॉक जरा सरकलेलं असलं तरी बोअर टेपर होत नाही, फार तर केसभर लंबगोल होतो. बोअरची दिशा कॅरेजची चाल ठरवते. म्हणजे कडेवर भरवसा असेल तर पुढचं निम्मं काम आपोआप होतं. टूलचं माप बारवरूनच मायक्रोमीटरने घ्यायचं. बार ३२चा आणि बोअर ६२ हवा, तर बारची पाठ ते टूलचं टोक ४७ आलं पाहिजे. उंची पॅकिंगने आणायची, आडवी जागा क्रॉस स्लाइडच्या हँडलने, तीही नेहमी एकाच बाजूने येऊन. आणि बोरिंग सुरू करण्याआधी गिबचा (स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचा) स्क्रू आवळून स्लाइड पक्की करायची. हे तुम्ही करताच.

भोकं पाडताना काय काय झालं

दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुसरी पद्धत बिनतापाची नाही, ताप फक्त एकदाच होतो.

क्रॉस स्लाइड खाली उतरवल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. वरून सगळी पाठ सारखी दिसते, पण खालून उलटी केली की कळतं की मधे स्क्रूचा बोगदा आहे, एका अंगाला गिबचे स्क्रू आहेत आणि जाड माल फक्त ठरावीक ठिकाणी आहे. माझ्याकडे एम८ चे आटे पाडायला जेमतेम जागा निघाली. बिडात बोल्टाच्या जाडीच्या दीडपट आटे धरायला हवेत, म्हणजे एम८ ला १२ मिमी, म्हणजे ६.८ च्या ड्रिलने १५ पर्यंत तरी जायला हवं. आरपार भोक पाडलं तर सोपं पडतं, पण मग भुगा सरळ डोव्हटेलमध्ये जाणार, आणि कधी चुकून लांब बोल्ट लागला तर त्याचं टोक सॅडलला, म्हणजे खालच्या कॅरेजच्या भागाला, जाऊन टेकणार. त्या अवस्थेत हँडल फिरवलं तर घसाऱ्याची रेघ कायमची. म्हणून भोकं बंद तळाची, आणि शेवटचे आटे तिसऱ्या टॅपने, बुडापर्यंत.

चारपैकी एक भोक मी तरीही बोगद्यात फोडलं. ड्रिलला खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली होती, ती भुग्याने वर सरकली. मधे रिकामी जागा आली की ड्रिल कसा एकदम आत ओढला जातो ते माहीत असेलच. तेवढ्यात पोटात गोळा आला. त्या भोकाच्या तळाला आता लॉकटाइट लावून एक छोटा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवलाय आणि वरचा बोल्ट बाकीच्यांपेक्षा तीन मिलिमीटर आखूड आहे. पट्टीऐवजी ड्रिलवर नळीचा तुकडा घातला असता तर हे झालं नसतं.

पुढची गंमत बोल्ट आवळल्यावर. प्लेट सोडलेली असताना क्रॉस स्लाइड लोण्यासारखी चालायची, चारही बोल्ट आवळले की मधल्या भागात हँडल जड. गिब सैल केला तर टोकाला खडखड. दोन दिवस गिबलाच दोष देत होतो. दोष प्लेटच्या पोटाचा निघाला, मधे पोकळ होती पाचेक रेघा, आणि बोल्ट क्रॉस स्लाइडलाच वर ओढून वाकवत होते. जाड प्लेटपुढे स्लाइडच नमते, हे डोक्यात नव्हतं. मग प्लेटचं पोट सरफेस ग्राइंडरवर घासून आणलं, मधला भाग थोडा खोल करून फक्त बोल्टांभोवतीच टेकेल असं केलं. भोकांच्या तोंडाशी वर आलेला बर ऑइलस्टोनने काढला. त्यानंतर आवळून आणि सोडून हँडल सारखंच फिरायला लागलं.

कंपाउंड चढलेलं असताना रिकाम्या भोकांत ग्रब स्क्रू घालून ठेवायचे, पृष्ठभागाच्या जरा खाली. नाही घातले तर भुगा आणि कूलंट मिळून आत काळा लगदा घट्ट बसतो आणि तो टाचणीने कोरत बसावं लागतं. हा त्रास खरा आहे, पण दोन मिनिटांचा आहे आणि त्याला डायल लागत नाही.

प्लेटच्या मालाबद्दल थोडक्यात. माझी एमएसची (साध्या पोलादाची) आहे, २५ची आणून २२ला आणलेली. क्रॉस स्लाइडच्या पाठीपासून सेंटरपर्यंत माझ्याकडे ११२ मिमी आहेत, म्हणजे प्लेटवर ९० उरतात. याहून जाड केली असती तर फ्रेम बसली नसती. हॉट रोल्ड पट्टीची एकच बाजू मारली की ती धनुष्यासारखी वाकते, म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने मारायच्या. आज करायची झाली तर बिडाची करीन, ओतून सहा महिने अंगणात टाकलेली. अॅल्युमिनियम हलकं, रोज चढवा-उतरवायला बरं, पण ते तापमानाला बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. डिसेंबरच्या थंडीत सहज बसणाऱ्या पिना मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये अडकायची शक्यता. गोल बैठकीवर बसवणाऱ्याला ही काळजी नाही, त्याने खुशाल अॅल्युमिनियम घ्यावं.

मग कुणी काय करावं

लेथ भाड्याचं, भागीदारीतलं किंवा वडिलांच्या आठवणीचं असेल तर गोल बैठक. वर्षातून चार वेळा काम निघत असेल तरी गोल बैठक, वीस मिनिटं काही फार नाहीत. तिरकी कामं जास्त असतील तरी तीच बरी. क्रॉस स्लाइड पातळ असेल आणि खालून बघितल्यावर १५ मिमी कुठेच सापडत नसतील तर प्रश्नच मिटला. विकायचा विचार असेल तर आधी विका, मग नव्या मालकाला भोकं पाडू द्या.

मशीन तुमचं असेल, ते शेवटपर्यंत तुमच्याच शेडमध्ये राहणार असेल आणि प्लेट आठवड्यातून दोन-तीनदा तरी चढणार असेल, तर मला वाटतं तुम्ही भोकांपाशीच येऊन थांबाल. मी सव्वा वर्ष उशिरा आलो. अण्णांनी पिनांवर बसलेली प्लेट बघितली, कडेवरून नख फिरवलं, "हं" म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. मी त्याला होकार धरलाय.

गोल बैठकीची प्लेट आधी करून ठेवली असेल तर ती फुकट जात नाही. माझी तीच प्लेट आजही वापरात आहे. बॉस वेगळा करून तीन काउंटरसंक स्क्रूंनी लावला होता, ते फार बरं झालं. भोकं पाडायच्या दिवशी प्लेट बैठकीवर नीट आवळली, क्रॉस स्लाइड प्लेटसकट उतरवली आणि दोन्ही एकत्रच रेडियल ड्रिलखाली नेली. प्लेटमधली भोकं हेच ड्रिलला वाट दाखवणारं जिग. पिनांची भोकं दोन्हींतून एकदम ड्रिल करून एकदमच रीमर मारला. त्याआधी डायल लावलं होतं, शेवटचं म्हणून, पण खरं तर पाचदहा रेघा चुकल्या असत्या तरी चाललं असतं, कड नंतर मारायचीच होती. त्यानंतर बॉस काढून टाकला. जागा कुणी ठरवायची यावरून पिना आणि बॉस भांडायला नकोत.

पिना आतून एम५ चे आटे असलेल्याच घ्या. भोकं बंद तळाची आहेत, खालून ठोकून काढता येत नाहीत. वरून एम५ चा लांब बोल्ट पिनेत फिरवायचा, त्यावर नळीचा तुकडा आणि वॉशर घालायचा आणि नट आवळत जायचं, पिन सरळ वर येते. तो बोल्ट आणि ती नळी मी तारेने बांधून लेथच्या कपाटाच्या दाराला टांगलीय. एकदा पोराने तो बोल्ट कशाला तरी वापरला होता, आणि शाफ्टवाला दारात उभा असताना मी अर्धा तास एम५ शोधत होतो.